अकराची सभा

४ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग चष्मा लावून स्वतः तिसऱ्यांदा वाचलं. तुम्ही नोव्हेंबरात निवृत्त होणार हे तिला काही केल्या पटत नाही. तिच्या मते तुम्ही अजून शाळेच्या चड्डीचा नाडा सांभाळत पळणारे तिचे धाकटे भाऊच आहात. तिच्या शिवणाच्या दुकानात सध्या गणवेशांची घाई आहे, म्हणून उत्तर मी लिहिते आहे.

माझं बरं चाललंय. दिवसभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढते. पण सांगण्यासारखी बातमी वेगळीच आहे. आमचा वीस जणांचा गट मी तुम्हाला कळवला होता, तो अजून टिकून आहे. दर मंगळवारी संध्याकाळी आईच्या दुकानामागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आमची बैठक होते. नियम एकच. आपलं म्हणणं मांडायच्या आधी आपल्या आधी बोललेल्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं. त्यामुळे भांडणं निम्म्यावर आली आणि बैठका दुप्पट लांबल्या.

आमच्या नगरसभेची बैठक दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला भरते. ‘सभा सर्वांना खुली आहे’ अशी दारावर पाटी आहे, पण आत सहा-सात निवृत्त मंडळी असतात आणि एक गृहस्थ पंख्याखाली डुलकी काढायला येतात. आम्ही गावातल्या चारशे बारा तरुण मुलामुलींना विचारलं की तुम्ही सभेला का जात नाही. बहुतेकांनी लिहून दिलं की अकराला आम्ही कामावर असतो, नाहीतर वर्गात. नगराध्यक्षांना आम्ही हे सांगितलं, तर ते म्हणाले की वेळ बदलायला वरून काहीतरी आधार हवा. आता तुमच्या कार्यालयाने राष्ट्रीय युवा धोरणासाठी तरुणांकडून सूचना मागवल्या आहेत. आमची सूचना दोनच ओळींची आहे: लोकांसाठी खुल्या असलेल्या सभा संध्याकाळी सातनंतर घ्याव्यात आणि तिथे तिशीच्या आतल्या दोघांना बोलायचा हक्क असावा. सोबत चारशे बारा सह्या जोडतो आहोत.

आमच्यातला वेल्डर म्हणतो की सरकारला पत्र लिहिणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याला सर्वांसमोर सांगितलं आहे की पाकीट मी स्वतः टाकते, पोच येईल, जबाबदारी माझी. सूचना वाचायच्या मेजावर तुम्हीच आहात हे मला माहीत आहे, म्हणून आधीच बजावते की भाची म्हणून वशिला बिलकूल नको.

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातून दिसत राहावा.

तुमची,
टिटवी

१५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

वशिला नको हे तू मला बजावतेस! अगं, चौतीस वर्षांत या माणसाने सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नाही. तुझी मामी म्हणायची की यांना धुतल्या तांदळासारखं म्हणतात खरं, पण त्या तांदळाचा भात काही कधी झाला नाही.

आमच्या कक्षाची हालत काय सांगू? धोरण तरुणांचं आणि खोलीतला सर्वात तरुण माणूस पंचावन्नाचा, मी तर अठ्ठावन्नाचा. सूचनांची पोती येताहेत. प्रत्येक पाकीट फोडायचं, वहीत चढवायचं, पोचेचं कार्ड धाडायचं आणि ठरलेल्या चाळीस विषयांपैकी एका खाली मोजायचं. कुणाला खेळाची मैदानं हवीत, कुणाला नोकरी, आणि एकाने तर परीक्षाच बंद करा असं बारा पानं भरून लिहिलंय. मोठा हुशार मुलगा असणार.

नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाची सूचना आली तर त्याने ती उघडायचीसुद्धा नाही, शेजारच्या मेजावरच्या बाईंकडे द्यायची. तेव्हा तुझं पाकीट आलं तर मी त्याला हातही लावणार नाही. पण मामा म्हणून सांगतो, तुमची मागणी मला फार आवडली. साध्या गोष्टीच कुणाला सुचत नाहीत. लहानपणी कुठे काही चुकीचं दिसलं की गल्लीभर ओरडत सुटायचीस, म्हणून तुझं नाव टिटवी ठेवलं, ते वाया गेलं नाही.

ताईस नमस्कार. जीव लावून काम कर आणि वेळेवर जेव.

तुझा,
मामा

१९ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आमचं पाकीट मी वीस मार्चला टाकलं. तिकीट न लावता टाकायचं तुमच्याकडचंच छापील पाकीट होतं, त्यामुळे टपालाची पावती मिळाली नाही. महिना झाला, पोचेचं कार्ड आलेलं नाही. शेजारच्या गावातल्या मुलांनी मागाहून पाठवलं, त्यांचं कार्ड आलंसुद्धा.

वशिला नको म्हटलं होतं, त्यावर मी ठाम आहे. पण पाकीट पोचलं की नाही एवढं विचारणं वशिल्यात मोडतं का हे मला कळत नाही. वेल्डर दर मंगळवारी आत येतो आणि माझ्याकडे बघतो. मी दर मंगळवारी सांगते की येईल.

आईचा गुडघा आता बरा आहे. उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल, पण यावं.

तुमची,
टिटवी

२८ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. नातं असल्यामुळे मला त्या बाबतीत काही चौकशी करता येत नाही, आणि कळलं तरी सांगता येत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे तू ऐकलंच असशील. धीर धरावा.

इकडे उकाडा फार आहे. सूचना वहीत चढवायची शेवटची तारीख परवाची, त्यामुळे मान वर करायला सवड नाही. शेजारच्या मेजावरच्या बाई जिन्यावरून पडल्यापासून घरी आहेत आणि त्यांचंही काम माझ्याच गळ्यात आहे. ताईच्या गुडघ्याला शेक दे.

तुझा,
मामा

९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

धोरण जाहीर झालं, ते वाचलं. छपाई सुंदर आहे.

परवा मंगळवारी आम्ही वीसही जण कामावर खाडे करून अकराच्या सभेला गेलो. आमच्या पाकिटाची पोच आली नसली तरी धोरणात एखादी ओळ असेल आणि तिचा आधार घेता येईल, असं मीच सर्वांना पटवलं होतं. पुस्तक माझ्या हातात पडायच्या आधी नगराध्यक्षांच्या मेजावर होतं. त्यांनी आमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि एकसष्टाव्या पानावरचं वाक्य मोठ्याने वाचलं. स्थानिक सभांच्या वेळेबाबत देशभरातून एकही सूचना प्राप्त झालेली नाही, असं ते वाक्य आहे. मग ते म्हणाले की देशातल्या एकाही तरुणाला जी अडचण वाटत नाही, तिच्यासाठी याच गावाने सभा हलवावी असं काही त्यांना दिसत नाही. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं.

मी मागे वळून आमच्या लोकांकडे पाहिलं. ते नगराध्यक्षांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मामा, आता धोरण छापून झालं, नियम संपला. पाकीट तुमच्याकडे आलं होतं का? मला खरं काय ते कळवा.

तुमची,
टिटवी

१८ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

वाचून वाईट वाटलं. टपालात पुष्कळ गोष्टी गहाळ होतात, त्याला कुणाचा इलाज नाही. तुझ्या वयात अशा गोष्टी मनाला फार लावून घेऊ नयेत. पुढे पुष्कळ संधी येतील.

माझी तब्येत ठीक नाही, म्हणून आवरतो.

तुझा,
मामा

५ सप्टेंबर

चि. बापूस,
ताईचे अ. आ.

मी तुला वर्षातून एकदा लिहिते आणि तेही खरडते, तेव्हा हे पत्र नीट वाच.

पोरगी तुला लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. सभेनंतरच्या मंगळवारी माझ्या दुकानामागे नेहमीसारखी बैठक झाली. मी पुढे काजं करत होते, सगळं ऐकू येत होतं. वेल्डर म्हणाला की पाकीट टाकलंच नसेल तर तिने तसं सांगावं, माणसाकडून राहून जातं, कुणी फाशी देणार नाही. ती म्हणाली की टाकलं. मग दुसरी कुणी म्हणाली की मामा तिथेच बसतो आणि तरी एकही सूचना आली नाही असं छापतात, म्हणजे एकतर मामा खोटा नाहीतर भाची. त्यावर तुझी भाची उभी राहिली आणि म्हणाली की माझा मामा खोटं लिहिणार नाही. झालं. तुला खरं ठरवायला ती स्वतः खोटी ठरली, आणि एकेक जण उठून गेला. पुढच्या मंगळवारी चौघे आले, त्याच्या पुढच्या मंगळवारी मी आणि कापडाचे गठ्ठे.

आता तिने इस्पितळात कायमची दुपारपाळी मागून घेतली आहे, दोन ते दहा. म्हणते की संध्याकाळी घरी बसून करू काय? चारशे दारं हिंडलेली पोर, बाजारात मान खाली घालून चालते.

बापू, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलाय. लहानपणी कप फुटला की तू न विचारता तब्येत बरी नाही म्हणायचास. तिला लिहिलेलं तुझं ते चार ओळींचं पत्र मी वाचलं. नाकाने कांदे सोलायचे ते सोल, पण माझ्या लेकीच्या जिवावर सोलू नकोस. काय झालंय ते तिला कळव.

तुझी,
ताई

१२ सप्टेंबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद लिहायचा मला हक्क आहे की नाही ते हे पत्र वाचून तू ठरव.

पाकीट आलं होतं. चोवीस मार्चला, सकाळच्या टपालात. अक्षर मी लगेच ओळखलं. नियमाप्रमाणे न उघडता दुसऱ्या पाकिटात घातलं, वर ‘नातेसंबंध’ असं लिहिलं आणि बाई कामावर आल्या की देऊ म्हणून खणात ठेवलं. बाई आल्या मेच्या मध्यावर. एप्रिलअखेर वही बंद झाली होती. नंतर चढवायचं तर साहेबांची परवानगी हवी, म्हणजे हे माझ्या भाचीचं आहे असं सांगणं आलं. जाता जाता याने भाचीसाठी नियम वाकवला, असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटली. मी खण बंद केला.

याहून वाईट आहे ते लिहितो. तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा वही बंद व्हायला आठ दिवस होते. थेट साहेबांकडे नेऊन दिलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. मी ते केलं नाही, कारण तू विचारल्यावर ते केलं असतं तर तो वशिला झाला असता, असं मी स्वतःला पटवलं. आणि एकसष्टाव्या पानावरचं ते वाक्य माझं आहे. चाळीस विषयांत त्या विषयापुढे शून्य होतं, म्हणून मी तसं लिहिलं. पाकिटात काय आहे हे मामा म्हणून मला ठाऊक होतं, कारकून म्हणून नव्हतं. लिहिताना मला हे फार काटेकोर वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

ऑगस्टात तर मी सरळ खोटंच लिहिलं. त्याला काटेकोरपणाची सबबही नाही.

काल मी साहेबांना सर्व लेखी दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले की धोरण छापलं गेलं, पुढचं दहा वर्षांनी, तोवर हा कागद फाइलला लागेल. बैल गेला आणि झोपा केला, तशातलं हे काम. तरी शिक्का मारलेल्या दोन नकला सोबत पाठवतो. एक तुझ्या गटासाठी, एक नगराध्यक्षांसाठी. त्यात माझं पद आणि चूक स्पष्ट लिहिली आहे. माझी अब्रू वाचवायला म्हणून त्या दडवून ठेवू नकोस. तिच्यापायीच हे सगळं झालं.

माफी मागून सुटण्याइतका मी लहान राहिलो नाही, तरी मागतो.

मामा

२० ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. रागाने झाला, खोटं कशाला लिहू? तुमचं पत्र मी कितीदा तरी वाचलं. तुम्ही पाकीट फाडून टाकलं असतं तरी मला समजलं असतं. जपून ठेवलंत, हे मात्र समजत नाही.

तुमची नक्कल मी गटासाठी म्हणून दुकानामागे वाचून दाखवली. निरोप सर्वांना दिला होता, आले तिघे. वेल्डर आला. त्याने कागद हातात घेऊन शिक्का बघितला आणि मला म्हणाला की चुकलो. मग म्हणाला की त्याला बंदरावर काम लागलंय, पुढच्या आठवड्यात जातो. बाकी दोघे म्हणाले की झालं ते झालं.

दुसरी नक्कल नगराध्यक्षांना दिली. माणूस वाटला होता तितका वाईट नाही. त्यांनी ती सभेत वाचून दाखवली आणि ठराव झाला की नोव्हेंबरची सभा संध्याकाळी सातला घ्यावी. तरुण मंडळी आली तर तीच वेळ कायम, न आली तर पुन्हा अकरा. गावभर पत्रकं लागली आहेत. तुमच्या कागदाने एवढं झालं हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

मला मात्र तेव्हा इस्पितळात पाळी असते. माझ्या संध्याकाळी मी आधीच देऊन बसले.

आई बरी आहे. निवृत्तीच्या दिवशी हार घालतील तेव्हा मान ताठ ठेवा.

टिटवी

८ नोव्हेंबर

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

मी मंगळवारी तुमच्या गावी येऊन गेलो, हे तुला ताईकडून कळलंच असेल. गेल्या आठवड्यात निवृत्त झालो आणि पहिला प्रवास हाच केला. ताईने काजं करता करता मला अर्धा तास झापलं आणि मग चहा दिला.

साडेसहाला नगरभवनात गेलो. पुढच्या रांगेत वीस खुर्च्या मांडून त्यांवर ‘तरुणांसाठी’ असं लिहून ठेवलं होतं. मी मागे भिंतीशी बसलो. सात वाजले. निवृत्त मंडळी होती, पंख्याखाली बसणारे तुझे गृहस्थही होते. पुढच्या रांगेत कुणी नव्हतं. नगराध्यक्ष सव्वासातपर्यंत थांबले, मधे स्वतः उठून पायऱ्यांपर्यंत बघून आले. परत आले तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता. मला वाटलं की उठावं आणि यांना सांगावं की या मुलांना आम्ही एकदा कसं परत पाठवलं ते. पण बोलायचा हक्क फक्त गावकऱ्यांना, तेव्हा मी बसून राहिलो. डिसेंबरपासून पुन्हा अकरा, असा ठराव झाला. एक तरी खुर्ची भरली असती तर पुढल्या महिन्यापर्यंत थांबलो असतो, असं ते शेजारच्यांना म्हणाले, ते मी ऐकलं.

तिथून तुझ्या इस्पितळात आलो. तुझ्या खोलीवरचा लाल दिवा लागलेला होता. मदतनीस बाई म्हणाल्या की दार वाजवते, पण आत कुणाचं तरी हाड मोडलेलं असणार आणि तू कामात, म्हणून मीच नको म्हटलं. बाकावर दहा मिनिटं बसलो आणि शेवटच्या गाडीने परतलो. समोर आलो असतो तर काय बोललो असतो ते अजूनही सुचलेलं नाही.

तुझे गेलेले ते मंगळवार मला परत आणून देता येत नाहीत, एवढंच खरं.

तुझा,
मामा

१५ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आत पेशंट नव्हता, मामा.

सकाळपाळीची मैत्रीण आदल्या दिवशी आपणहून म्हणाली होती की मंगळवारची तुझी पाळी मी करते, तू सभेला जा. मी नको म्हटलं. मला वाटत होतं की ज्यांनी मला खोटं ठरवलं, त्यांनी आता स्वतः जाऊन बसावं, मी नसले की काय होतं ते एकदा सर्वांना दिसू दे. सातला पाच कमी असताना मी दार लावलं, दिवा लावला, तातडीचं कुणी आलं तरच दार वाजवा असं बाईंना सांगितलं आणि रिकाम्या टेबलाशी घड्याळ बघत बसले. तुम्ही बाहेर बाकावर होतात तेव्हाही मी तशीच बसले होते.

तुम्हाला हे सांगितलं नसतं तर तुम्ही सगळं स्वतःच्याच माथी मारून घेतलं असतं, आणि मीही ते तसंच राहू दिलं असतं. वेल्डर गेल्यावर गावात उरलेल्या बाकीच्या अठरा जणांनी मनात काय धरलं होतं मला माहीत नाही. माझी खुर्ची तुमच्या पाकिटामुळे रिकामी राहिली नाही, माझ्या रुसव्याने राहिली. एका खुर्चीवर अडलं होतं.

नगराध्यक्ष सव्वासातपर्यंत थांबले असं तुम्ही लिहिलंत. इस्पितळापासून नगरभवन चालत सहा मिनिटांवर आहे.

आईचे आशीर्वाद. लोभ दोन्हीकडून असाच राहू द्यावा, ही विनंती.

तुमची,
टिटवी